कोळसा घातला की झाडं पिवळी पडतात? आधी कुठलं पान पिवळं पडलंय ते बघा

सलग तीन वर्षं माझ्या गच्चीवर एकच खेळ झाला. बायोचार, म्हणजे मातीत घालायचा लाकडी कोळसा, कुंड्यांत मिसळायचा, दोन-तीन आठवडे कौतुकाने बघत राहायचं, आणि मग झाडांना कावीळ. पहिल्या वर्षी वांगी-टोमॅटो, दुसऱ्या वर्षी जास्वंद आणि कडीपत्ता, तिसऱ्या वर्षी गिलकी, म्हणजे पुण्याकडे ज्याला घोसाळी म्हणतात ती. दर वेळी मी काहीतरी उपाय केला, दर वेळी वाटलं की आता जमलं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पिवळं. 'कोळसा आधी मुरवून घ्या' हा सल्ला तर मी दुसऱ्या वर्षापासून पाळत होते. तरीही!

डोक्यात प्रकाश पडायला उशीर झाला, कारण मी तिन्ही वर्षांचा आजार एकच समजत होते. चेहरा सारखा होता, दुखणी तीन होती. पहिल्या वर्षीचा इलाज दुसऱ्या वर्षीच्या दुखण्याला चालणारच नव्हता, आणि तिसऱ्या वर्षीचं दुखणं तर मीच उपाय करता करता ओढवून घेतलं.

म्हणून कुठलीही बाटली हातात घेण्याआधी झाडाजवळ बसा आणि पानं बघा.

खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील, सगळं पान सारखंच फिकं होत असेल आणि झाड खुरटलेलं असेल, तर ते नत्राच्या, म्हणजे नायट्रोजनच्या, बाबतीत उपाशी आहे. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून खालून सुरुवात होते. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, अगदी जाळी काढल्यासारख्या, असं दिसलं तर लोह मिळत नाहीये. लोह झाडाला जुन्या पानातून नव्यात हलवता येत नाही, म्हणून हे वरून सुरू होतं. आणि पानांच्या कडा, टोकं करपलेली, तपकिरी, कुरकुरीत असतील तर क्षार जास्त झालेत. कच्चा कोळसा, राखट कोळसा आणि अति खाऊ घातलेला कोळसा, अशी ही तीन दुखणी. माझ्याकडे ती नेमकी याच क्रमाने आली.

पहिलं वर्ष : कच्चा कोळसा

इंदूरच्या सुदामा नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाला बसतो. त्याच्याकडे अजून कोळशाची इस्त्री आहे. पोत्याच्या तळाशी उरणारा चुरा त्याच्या कामाचा नसतो, तो मला जवळजवळ फुकट मिळाला. लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा, म्हणजे बायोचारच की, असं म्हणत मी तो तसाच कुंड्यांत ओतला. दगडी कोळसा मात्र चुकूनही घेऊ नका. ती खाणीतली वस्तू, तिचा बागेशी संबंध नाही. बार्बेक्यूसाठी मिळणाऱ्या चौकोनी वड्याही नकोत, त्यात चिकटवायला आणि पटकन पेटायला काय काय घातलेलं असतं. प्लायवूड किंवा रंग दिलेलं लाकूड जाळून केलेला कोळसाही नको.

कोळसा निवडण्यात मी चुकले नव्हते. चूक अशी की कोरडा, ताजा कोळसा म्हणजे रिकामं घर. आत असंख्य छिद्रं, त्यात काहीच नाही. मातीत गेल्यावर तो शेजारचं पाणी ओढतो, अमोनियमच्या रूपातलं नत्र स्वतःला चिकटवून घेतो. त्यातच कोळसा अर्धवट जळालेला असेल तर आणखी एक भानगड होते: उरलेलं लाकूड आणि डांबरासारखा चिकट अंश जिवाणू खातात आणि ते पचवण्यासाठी लागणारं नत्र मातीतून उचलतात. झाडाच्या ताटातलं जेवण दोघेजण पळवतात.

कोळसा नीट जळालाय का, हे कळायला साधी युक्ती आहे. तुकडा मोडून बघा. आत तपकिरी दिसलं तर ते अजून लाकूडच आहे, कंपोस्टमध्ये टाका. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की चांगला कोळसा खापरासारखा खणखण वाजतो, कच्चा थप् असा आवाज करतो. आणि हाताला लागलेली काजळी नुसत्या पाण्याने गेली तर उत्तम. साबण लागला, हात तेलकट वाटला, तर डांबर आहे असं समजा.

त्या वर्षी वांग्यांना मी दहा पट पाण्यात गोमूत्र घालून दोनदा दिलं आणि महिन्याभरात ती सावरली. त्यावरून मी निष्कर्ष काढला की कोळसा आधी जीवामृतात, म्हणजे शेण-गोमूत्र-गूळ-बेसनाच्या आंबवलेल्या पाण्यात, भिजवला की काम झालं. निष्कर्ष अर्धा बरोबर होता.

दुसरं वर्ष : राख, आणि आपली काळी माती

बायोचारचे गोडवे जिथून सुरू झाले ती माती अ‍ॅमेझॉनच्या जंगलातली. तिथल्या जुन्या वस्त्यांनी शेकडो वर्षं कोळसा, खरकटं, हाडं, मलमूत्र, फुटकी खापरं एकाच ठिकाणी टाकली आणि तिथे काळी, सुपीक माती तयार झाली. पण आजूबाजूची मूळ जमीन आम्लधर्मी, पावसाने धुऊन निघालेली, अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद नसलेली. तिथे कोळशाचा अल्कधर्म हे औषध ठरलं.

आपण माळव्यात आहोत. इथली काळी माती आधीच अल्कधर्मी, पीएच साधारण ७.५ ते ८.५, पोटात चुनखडीचे खडे. अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद तिच्या चिकणमातीत मुळातच भरपूर. पोटॅशही बऱ्यापैकी. कमी असतं ते झाडाला मिळू शकेल असं लोह आणि जस्त, कारण पीएच चढला की ते असून नसल्यासारखे होतात. अशा मातीत ८ ते १० पीएचचा राखट कोळसा ओतणं म्हणजे आंबट ताकात लिंबू पिळण्यासारखं, फक्त दिशा उलटी. मग आपण कोळसा घालायचा तरी कशाला? माझं उत्तर: हवा खेळण्यासाठी. काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी चिकट होते आणि उन्हाळ्यात दगड होऊन भेगाळते. कुंडीत तर जास्तच. मुरलेला कोळसा तिला भुसभुशीत ठेवतो, आणि कुंडीतलं खत पाण्याबरोबर खालच्या ताटलीत वाहून जात नाही. एवढ्या फायद्यासाठी मला तो हवाच आहे. पण परदेशातल्या शिफारशींची मात्रा इथे उचलून चालणार नाही.

दुसऱ्या वर्षी मी कोळसा जीवामृतात पंधरा दिवस ठेवला, कुंड्यांत भरपूर घातला, आणि वर बोअरिंगचं पाणी देत राहिले, कारण तेव्हा नर्मदेचं पाणी आमच्याकडे दिवसाआड येत होतं. बोअरिंगचं पाणी जड. बादलीला पांढरे थर बसतात, तेच थर मातीतही बसतात. राख, चुनखडी, जड पाणी, तिघांनी मिळून जास्वंदीचं लोह कुलूपबंद केलं. शेंड्याची पानं लिंबासारखी पिवळी, शिरा हिरव्या. मी आपली जीवामृत ओततेय, ओततेय!

त्या भांड्याला एक वास येत होता, तोही मी दुर्लक्षित केला. गोमूत्र घातल्यावर डोळ्यांत पाणी आणणारा, नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास. राखेच्या अल्कात गोमूत्रातलं नत्र वायू होऊन उडून जात होतं. कोळसा मुरवताना असा झोंबरा वास आला की समजायचं, तुम्ही खत घालताय ते हवेला घालताय. राख आधी धुऊन काढायला हवी होती.

राख किती आहे हे बघायला पीएचची पट्टी नसली तरी चालतं, हळद आहे. हळद आणि चुना एकत्र आले की कुंकवाचा लाल रंग येतो हे आपल्याला माहीत असतंच. तेच इथे. मूठभर कोळसा पेलाभर स्वच्छ पाण्यात, शक्यतो पावसाच्या किंवा आरओच्या, तासभर ठेवा. पाणी जुन्या सुती फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर काळ्या रंगात काही दिसणार नाही. पांढऱ्या बशीत घेऊन चिमूटभर शुद्ध हळद टाका. पिवळं राहिलं तर ठीक. विटकरी-लाल झालं तर राख बाकी आहे, पुन्हा धुवा. साधारण साडेआठ पीएचच्या पुढे रंग स्पष्ट पालटलेला दिसतो, आपल्याला तेवढा अंदाज पुरे.

जीवामृताबद्दलही एक हिशेब मांडते. भक्तांनी रागावू नये, मीही करते. नेहमीच्या २०० लिटरमध्ये १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन. हात सैल सोडून मोजलं तरी सगळ्यात मिळून दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम नत्र, म्हणजे लिटरला एक ग्रॅमच्या आसपास. बादलीभर कोळसा पाच-सहा लिटर पितो. म्हणजे त्याच्या पोटात गेलं पाच-सहा ग्रॅम. जीवामृत हे विरजण आहे. विरजणाने दूध लागतं, पण दूध आधी असावं लागतं.

तिसरं वर्ष : अति खाऊ घातलेला

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. कोळसा नीट धुतला, आणि नंतर त्यात सोयाबीनच्या पेंडीचं घट्ट पाणी आणि वर १९:१९:१९ चं (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) रासायनिक खत, डोळ्यांनी अंदाज घेऊन, दोन्ही ओतलं. चार दिवसांत वापरला. गिलक्यांची पानं कडेने करपली, रोपं मान टाकून बसली. पाणी होतं तरी पिता येत नव्हतं, कारण मातीतलं पाणीच खारट झालं होतं. शिवाय चार दिवसांत काहीही मुरत नसतं. लोणच्याच्या फोडीला मीठ लावलं म्हणजे लोणचं झालं का?

मुरण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. कोळसा स्पंजासारखा द्रव शोषून घेतो आणि मग हळूहळू सोडतो, असं आपल्याला वाटतं. शोषतो हे खरं, पण नुसतं शोषलेलं बरंचसं पहिल्या दोन पाण्यांत निघून जातं, विशेषतः नायट्रेट. कंपोस्टबरोबर आठवडेच्या आठवडे राहिलेल्या कोळशावर मात्र आतून-बाहेरून सेंद्रिय पदार्थाचा अगदी पातळ लेप चढतो, आणि तो लेप अन्नद्रव्यं धरून ठेवतो. हे २०१७ साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं गेलं. म्हणजे भिजवणं वेगळं, मुरवणं वेगळं. भिजवायला एक रात्र पुरते. मुरायला महिना लागतो, आणि त्यात घाई करायला कुठलीही बाटली उपयोगी नाही.

आता मी काय करते

बादलीभर, म्हणजे १० लिटर चुऱ्याचं प्रमाण देते. कोरडा असताना तो अडीच-तीन किलोच्या घरात भरतो.

पहिलं काम: ओला करून कुटणं. कोरडा कधीच कुटायचा नाही. ती काळी धूळ फुप्फुसात जाते आणि शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवरही. भांडण अटळ. पोत्यात भरून, पाणी शिंपडून, धोपटण्याने, आमच्याकडे जिला मोगरी म्हणतात तिने, ठोकायचा. हरभऱ्याच्या डाळीपासून वाटाण्यापर्यंतचा आकार चालतो. पीठ करू नका. पिठाने काळी माती आणखी गच्च होते. कोळसा घरी केला असेल किंवा भुट्टेवाल्याकडून शिल्लक आणला असेल तर आणखी एक: पाण्याने पूर्ण बुडवून एक दिवस ठेवा. वरून विझलेला कोळसा आतून धुमसत असतो. माझं एक पोतं रात्री बारा वाजता गच्चीवर धूर काढत होतं, तेव्हापासून मी कोळशाच्या बाबतीत 'विझलाय' हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकून घेत नाही. गच्चीवर कोळसा करण्याच्या भानगडीत तर पडूच नका. शहरात उघड्यावर पाला-लाकूड जाळायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

मग धुणं. बुडेल इतकं पाणी, ढवळायचं, तासाभराने ओतायचं. दोन-तीन वेळा, हळद पिवळी राहीपर्यंत. त्या पाण्यात पोटॅश असतं, पण आपल्या मातीला त्याची निकड नाही, म्हणून मी ते सरळ मोरीत सोडते. जास्वंदीला, मोगऱ्याला तर चुकूनही नाही. पावसाळा असेल तर सगळ्यात सोपं, बारदानात बांधून पन्हाळीखाली ठेवायचं. जूनच्या मध्यापासून पुढचे दोन महिने हे काम आभाळ करतं.

धुतलेला कोळसा तरीही तरंगतो. नारळाच्या करवंट्यांचा तर हट्टाने तरंगतो. त्याच्या छिद्रांत हवा अडकलेली असते. गरम पाणी ओतून वर ताटली आणि ताटलीवर वरवंटा ठेवून रात्रभर दडपायचा. सकाळी बहुतेक तळाशी गेलेला असतो. इथे एक गैरसमज: बुडला म्हणजे 'तयार झाला' असं बरेचजण मानतात. बुडला म्हणजे फक्त पाण्याने भरला. खाण्याचा अजून पत्ता नाही.

आता खाणं. निथळलेल्या त्या बादलीभर कोळशात बादलीभरच पिकलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत. ३०० ग्रॅम सोयाबीनची पेंड, रात्रभर भिजवून. ही पशुआहाराच्या दुकानात मिळते, व्यापारी तिला डीओसी म्हणतात. आपलं शहर सोयाबीनच्या मुलखात आहे, तर शेंगदाण्याच्या महागड्या पेंडीमागे का धावायचं? तिच्यात सातेक टक्के नत्र असतं, म्हणजे ३०० ग्रॅममधून २० ग्रॅमच्या वर. मुठीएवढा गूळ. आणि एक लिटर आंबट ताक, उरलासुरला अल्क मारायला. बागेतल्या चांगल्या झाडाखालची दोन मुठी माती. जीवामृत असेल तर आता घाला, विरजण म्हणून.

ओलावा असा हवा की मुठीत दाबल्यावर लाडू वळावा पण बोटांतून थेंब पडू नये. भोकं पाडलेल्या डब्यात किंवा सिमेंटच्या गोणीत भरून, सावलीत, वर ओलं बारदान. तीन-चार दिवसांत हात घातला तर कोमट लागतं. दर चार दिवसांनी वर-खाली करायचं. हवा नसली की पेंड सडते आणि तो वास तुमच्या घरापुरता राहत नाही. सडका वास आला तर ओलावा जास्त झालाय, कोरडा पालापाचोळा घालून उलथा. मुंग्या आल्या तर उलट, कोरडं पडलंय. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात चार आठवडे. डिसेंबर-जानेवारीत मात्र सहा-सात धरा. इंदूरच्या थंडीत जिवाणूही दुलई घेऊन बसतात.

कंपोस्ट घरी करत असाल तर याहूनही सोपा रस्ता आहे: कोळसा ढिगाच्या एक दशांशाइतका सुरुवातीलाच मिसळून द्यायचा. वेगळं मुरवणं नको. आणि इथे धुण्याचीही फार कटकट नाही, कारण ताजा ओला कचरा कुजताना सुरुवातीला आम्ल बनतं, थोडी राख त्याला उपयोगी पडते. याची पाळंमुळं तर आपल्याच गावात आहेत. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे संचालक होते, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे. त्यांनी वाय. डी. वाड यांच्यासोबत बसवलेली कंपोस्टची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. त्या ढिगात पालापाचोळा आणि शेणाबरोबर गुरांच्या मुताने भिजलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख असे. ढीग ठरलेल्या दिवसांनी उलथायचा, तीन महिन्यांत खत. 'पोहे-जिलबी आणि स्वच्छतेचा नंबर' यापलीकडे पाहुण्यांना सांगायला आपल्याकडे हेही आहे, आणि आपण ते कधी सांगत नाही.

ती मुताने भिजलेली माती वाचली तेव्हाच मला सांवेरकडच्या मावसभावाचा गोठा आठवला. त्याच्याकडे दोन म्हशी. मी त्याला धुतलेला चुरा दोन गोण्या दिला आणि म्हटलं, "दादा, रात्री म्हशींच्या खाली भुशाबरोबर पसर, पंधरा दिवसांनी खरवडून परत दे." तो म्हणाला, "ताई, म्हशी आधीच काळ्या आहेत म्हणून बरं." पंधरा दिवसांनी जे परत आलं ते शेणखताबरोबर महिनाभर ढिगात ठेवलं. आजवर मी केलेला सगळ्यात उत्तम मुरलेला कोळसा तो. शिवाय गोठ्यातला वास कमी झाला असं वहिनी म्हणाल्या. ज्यांचं गावाकडे कुणी आहे त्यांनी बाकी कृती सोडून हेच करावं.

वापरण्याआधी अळिवाची परीक्षा

तयार झालाय का, हे जिभेने किंवा नाकाने ठरवू नका. घरात अळीव असतात, लाडवांसाठी आणलेले. जगभर खताची परीक्षा करायला जे बी वापरतात ते नेमकं हेच. दोन बशा घ्या. एकीत साधी कुंडीतली माती, दुसरीत तीच माती आणि मुरलेला कोळसा निम्मेनिम्मे. दोन्हीत वीस-वीस दाणे, वर ओलं फडकं. दोन-तीन दिवसांत कोंब येतात. पाचव्या दिवशी शेजारी ठेवून बघा. कोळशाच्या बशीत कोंब कमी, मुळं आखूड किंवा टोकं तपकिरी असतील तर मिश्रण अजून कच्चं किंवा खारट आहे. पाण्याने एकदा निथळून आणखी दोन आठवडे ठेवा. सारखे उगवले तर बिनधास्त.

मात्रा: बारा इंची कुंडीला तयार मिश्रण दीड लिटर, म्हणजे त्यात निव्वळ कोळसा पाऊण लिटरच. नवीन माती भरताना एकदाच. कोळसा खतासारखा संपत नाही, शतकानुशतकं राहतो, आणि एकदा मिसळला की चाळणी घेऊन वेचून काढता येत नाही. दरवर्षी नव्याने घालण्याचा मोह मला तिसऱ्या वर्षापर्यंत होता. जमिनीतल्या झाडांना पसरून टाकण्याऐवजी आळ्याच्या कडेने वीतभर खोल चर काढून त्यात घाला. जास्वंद, मोगरा, कडीपत्ता, गुलाब यांना निम्मीच मात्रा.

आधीच घालून बसला असाल तर

खालची पानं पिवळी: पेंड तीन दिवस भिजवा, गाळा, दहा पट पाणी घालून आठवड्यातून एकदा, तीन वेळा. मुळाशी मूठभर गांडूळखत. कोळशाचं पोट भरलं की तो झाडाच्या ताटात हात घालणं थांबवतो.

शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या: लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. लिंबाने लोह विरघळलेलं राहतं. हे मातीत ओतून फारसा उपयोग नाही, आपली माती ते लगेच बांधून टाकते. मुळाशीच द्यायचं तर दुकानातून ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा. स्वस्तातलं ईडीटीए आपल्या पीएचला टिकत नाही. आणि शक्य तितके दिवस पाणी नर्मदेचं किंवा पावसाचं. फवारताना खाली फरशी असेल तर झाका, हिराकशीचे गंजाचे डाग मी अजून घासतेय.

कडा करपलेल्या: खतं बंद. कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी हळूहळू ओतून खालून वाहू द्या, ताटली काढून टाका. करपलेली पानं परत हिरवी होत नाहीत, नव्या पानांवर लक्ष ठेवा.

दोन दुखणी एकत्रही येतात. मग आधी पाण्याने धुवा, दोन आठवडे थांबा, आणि उरलेल्या लक्षणावर इलाज करा. सगळं एकाच दिवशी केलं तर कशाने काय झालं हे कळतच नाही, आणि पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा तिथेच.

सध्या जिन्याखाली दोन गोण्या मुरताहेत, एकीवर २ तारीख आणि दुसरीवर ११ तारीख खडूने लिहिलेली. आज तिसऱ्या खेपेचा चुरा धुवायला घेतला. दुसऱ्या पाण्यानंतरही हळद विटकरीच झाली, म्हणजे इस्त्रीवाल्याने या वेळी राखेसकट भरून दिलाय. उद्या आणखी एक पाणी.